चिऊचं मेणाचं घर पडद्यावर कसं दाखवायचं

मुलांच्या गोष्टीवर ॲनिमेशन करायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी मोबाइलवर सुंदर चित्रं उघडतं आणि म्हणतं, "अशी स्टाइल घेऊया." घाई करू नका. आधी गोष्ट मोठ्याने सांगा आणि ती कोणत्या वस्तूंवर उभी आहे ते कागदावर लिहा.

चिऊ-काऊची पाच मिनिटांची फिल्म करताना माझं इथेच चुकलं. सपाट रंग, गुळगुळीत कडा. काऊचं घर तपकिरी, चिऊचं पिवळं. डोंबिवलीच्या भाचीला पहिला तुकडा दाखवला. पाऊस आला, तपकिरी घर वाहून गेलं, आणि तिने विचारलं, "मावशी, चिऊचं का नाही गेलं?" अख्खी गोष्ट शेण आणि मेण यांच्यावर चालते, आणि माझ्या चित्रात ना शेण होतं ना मेण.

दुसऱ्या दिवशी आरेतल्या तबेल्यांकडे गेले. गोवरीवर बोटांचे ठसे असतात, मधून गवताच्या काड्या बाहेर डोकावतात. ओली झाली की कडेपासून सुटत जाते. मेणासाठी वांद्र्याला माउंट मेरीजवळच्या स्टॉलवर गेले. तिथे नवसाला वाहायची मेणाची छोटी घरं मिळतात. एक आणलं, त्यावर चमच्याने पाणी सोडलं. थेंब गोळा होऊन छपरावरून घरंगळले, भिंत कोरडीच. मागे टॉर्च धरला तर पातळ कडा मधासारख्या उजळल्या. माझी स्टाइल तिथेच ठरली: हाताने थापलेले खरे पोत स्कॅन करायचे, पात्रं कागदी कटआउटची, आणि चिऊच्या घरात दिवा लागला की भिंतीतून उजेड झिरपायचा.

वारलीचा मोह मलाही झाला होता. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा, त्यात पाऊस काय सुंदर दिसेल! पण एकाच पांढऱ्या रंगात शेण आणि मेण वेगळं कसं करणार? शिवाय ती एका समाजाची कला आहे. वारली हवीच असेल तर वारली चित्रकाराला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, त्याचं मानधन बजेटमध्ये धरा आणि नाव श्रेयनामावलीत द्या. नुसते त्रिकोण उचलू नका.

आता हिशोब. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर १२ चित्रं. पाच मिनिटांची ३,६०० झाली. एका चित्राला दहा मिनिटं लागली तर ६०० तास, चाळीस लागली तर २,४००. म्हणून चिऊच्या अंगावर पिसांची नक्षी काढण्याआधी ती किती वेळा काढावी लागेल ते मोजा. कटआउटमध्ये पंख एकदाच कापायचा आणि सांध्यावर फिरवायचा. जर्मन ॲनिमेटर लोटे रायनिगर यांनी १९२६ साली पुठ्ठा आणि शिशाच्या पातळ पत्र्याच्या छायाबाहुल्या अशाच फ्रेम-फ्रेम सरकवून पूर्ण लांबीची परीकथा केली होती.

चाचणीसाठी सगळ्यात सुंदर प्रसंग निवडू नका, सगळ्यात अवघड घ्या. माझा होता दाराचा. बाहेर काऊ भिजतोय, आत चिऊ म्हणतेय, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते." ओला कावळा, उबदार घर आणि मध्ये बंद दार, हे तिन्ही एका फ्रेममध्ये बसायला हवं. दोन-तीन स्टाइलमध्ये दहा-दहा सेकंद करा. आवाज बंद ठेवून गोष्ट माहीत नसलेल्या मुलाला दाखवा. मग तेच मोबाइलवर घेऊन दुपारच्या लोकलमध्ये खिडकीच्या उन्हात बघा. काऊ मागच्या ढगात हरवला, तर आधी ढग फिके करा.