ऑर्नेट कोलमन कसे ऐकावेत

सांगलीत वरातीच्या बँडमधला सॅक्सोफोन ऐकत वाढलेल्या श्रोत्याला अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन (१९३०–२०१५) यांची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर त्याने त्यांच्या १९५९ च्या चौकडीपासून (चार वादकांच्या चमूपासून) आरंभ करावा. तीत पियानो नाही, त्यामुळे वादकांवर ठरलेल्या कॉर्ड्‌सचे (एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांचे) बंधन नाही. म्हणून पहिल्या खेपेस केवळ चार्ली हेडन यांचा डबल बास (खर्जात वाजणारे मोठे तंतुवाद्य) ऐकावा आणि दुसऱ्या खेपेस कोलमन यांचा आल्टो सॅक्सोफोन व डॉन चेरी यांचे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे वाद्य) मूळ धून एकत्र वाजवून कुठे वेगळे होतात, ते टिपावे. मिरजेच्या तंबोऱ्यावर कान तयार झालेल्यांना कोलमन यांचा किंचित चढा-उतरा स्वर खटकेल (खटकायलाच हवा), परंतु त्यांनी तो माणसाच्या आवाजासारखा जाणूनबुजून लावलेला आहे.

त्यानंतर डिसेंबर १९६० मधील दुहेरी चौकडीचे, सुमारे ३७ मिनिटांचे सलग वादन हेडफोन लावूनच ऐकावे, कारण डाव्या कानात एक चौकडी वाजते आणि उजव्या कानात दुसरी. सत्तरच्या दशकातील इलेक्ट्रिक गिटारांचा 'प्राइम टाइम' चमू नवख्याने तूर्त बाजूला ठेवला तरी चालेल. शेवटी २००७ चे पुलित्झर (अमेरिकेतला मानाचा पुरस्कार) मिळालेले 'साउंड ग्रामर' हे ध्वनिमुद्रण घ्यावे आणि त्यातील गजाने वाजणारा बास बोटांनी वाजणाऱ्या बासपासून वेगळा ओळखावा.