जेवताना गाणी लावताय? या चुका टाळा

पदार्थ फिका लागला की हात आपसूक मिठाकडे जातो. खोलीत किती आवाज आहे, हे मात्र कुणी बघत नाही. घरी पाहुणे बोलावणारे असोत की कॅफे चालवणारे, मेहनत सगळी ताटावर घेतात आणि स्पीकर कसाही वाजू देतात. मग चांगला झालेला पदार्थसुद्धा मार खातो. स्वयंपाक करणाऱ्याच्या कष्टांवर असं पाणी पडताना बघून खरंच वाईट वाटतं, कारण दुरुस्ती फार सोपी आहे.

कुठलं गाणं लावू, एवढंच विचारणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. आधी विचारायला हवं ते हे, की किती मोठ्याने लावू? 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना हेडफोनमधून नुसता खरखराट ऐकवत खायला दिलं होतं. मोठ्या आवाजात गोड आणि खारट दोन्ही चवी कमी जाणवल्या. कुरकुरीतपणा मात्र वाढल्यासारखा वाटला. 2015 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विमानाच्या केबिनसारखा, साधारण 85 डेसिबलचा आवाज लावून चवी तपासल्या. गोड दबली आणि टोमॅटो, मशरूममध्ये असते ती उमामी चव उलट वाढली. खारट चवीत मात्र तिथे फरक पडला नाही, म्हणजे मिठाबद्दल हे दोन अभ्यास जुळत नाहीत. गोडाबद्दल दोन्हींचं एकमत आहे.

कानाचा आणि जिभेचा संबंध शरीरातही आहे. जिभेच्या पुढच्या भागातली चव मेंदूकडे नेणारी नस मधल्या कानातून, पडद्याच्या अगदी मागून जाते.

म्हणून पदार्थ फिका वाटला तर आधी आवाज उतरवा, दोन मिनिटं जाऊ द्या, मग पुन्हा चाखा. तरीही कमी वाटलं तर खुशाल मीठ घाला. रांधणाऱ्यांनी शेवटची चव बघताना मिक्सर आणि चिमणी बंद ठेवावी. गोंगाटात चाखून साखर वाढवलेली खीर शांत खोलीत घशाला बसू शकते.

एवढं करूनही आवाज चढतच जातो, अशी तक्रार बरेच जण करतात. त्याला कारण आहे. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये हे मांडलं, म्हणून याला लोंबार परिणाम म्हणतात. गाणं मोठं, म्हणून बोलणं मोठं. बोलणं मोठं झालं म्हणून कुणीतरी गाणं अजून वाढवतं. हे चक्र तोडायचं तर खोली भरत जाईल तसं संगीत थोडं खाली आणावं. ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघा. समोरच्याचं ऐकायला पुढे झुकावं लागतंय का, एवढी खूण पुरे. मोबाइलवरच्या अ‍ॅपने मोजायचं असेल तर जरूर मोजा, फक्त तो आकडा अंदाजाचा समजा. साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं आणि दर 10 डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, त्यामुळे 80 हा आकडा 60 च्या ‘जरासा वर’ नसतो.

गुळगुळीत फरशी, काचा आणि उघड्या भिंती असतील तर नुसता आवाज कमी करून भागणार नाही, खोली घुमतच राहील. जाड पडदे, सतरंजी, कापडी खुर्च्या यांनी बराच फरक पडतो. कोपऱ्यात एकच मोठा स्पीकर ठणठणवण्यापेक्षा दोन-तीन लहान स्पीकर हळू आवाजात लावावेत. नाहीतर कोपऱ्यातल्या टेबलाचे हाल होतात.

वेळ न बघता लय निवडणं

1985 च्या एका अभ्यासात वेगवान संगीत लागलं की मिनिटाला घास जास्त घेतले गेले. पुढच्याच वर्षी रोनाल्ड मिलिमन यांनी एका रेस्टॉरंटमधली निरीक्षणं प्रसिद्ध केली: संथ संगीत असताना लोक सरासरी 56 मिनिटं टेबलावर बसले, वेगवान असताना 45. खाण्याचं बिल जवळपास तेवढंच राहिलं, संथ संगीतात पेयांचं वाढलं. संथ म्हणजे मिनिटाला 72 ठोक्यांपर्यंत, वेगवान म्हणजे 92 च्या पुढे. निवांत गप्पांच्या जेवणाला नाचाची गाणी लावली आणि पाहुणे भराभर उठले, तर त्यांना दोष देऊ नये.

पदार्थाचा स्वतःचा आवाज बुजवणं

ऑक्सफर्डमधला चिप्सचा प्रयोग मला या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो. मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी तो 2004 मध्ये प्रसिद्ध केला. माणसाने माइकसमोर बसायचं, समोरच्या दातांनी चिप एकदाच कचकन तोडायची आणि टाकून द्यायची. तो ‘कचकन’ लगेच हेडफोनमधून त्याच्याच कानात परत येई. कधी जसाच्या तसा, कधी मोठा, कधी फक्त वरच्या पट्टीतला भाग वाढवून. आवाज वाढला की तीच चिप जास्त कुरकुरीत, जास्त ताजी वाटली. बऱ्याच जणांना तर चिप्स वेगवेगळ्या पाकिटांतल्या आहेत असं वाटलं! 2008 मध्ये या कामाला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार.

तेव्हा टोस्ट किंवा बिस्किटं खाताना हेडफोन काढा. 2016 च्या एका अभ्यासात खाण्याचा आवाज दाबला गेला तेव्हा लोकांनी खाल्लंही जास्त. तोंड किती चाललंय, याचं भान कानही ठेवत असतात.

संगीताकडून जादूची अपेक्षा

उंच पट्टीतले सूर गोडाशी आणि खर्जातले सूर कडवटपणाशी जुळतात, हे खरं आहे. 2012 च्या एका प्रयोगात एकच टॉफी सुरांप्रमाणे कमी-अधिक कडू-गोड वाटली. पण हा फरक थोडाच असतो, आणि पदार्थात दोन्ही चवी असाव्या लागतात. डार्क चॉकलेट किंवा कॉफीवर करून बघा. बेचव सूपावर कुठलीही बासरी चालणार नाही.

सगळ्यांचे कान सारखे समजणं

काहींना दुसऱ्याच्या चावण्याचा, भुरक्यांचा आवाज सहनच होत नाही. त्याला मिसोफोनिया म्हणतात. ते नखरे नव्हेत. अशा माणसाला पूर्ण शांततेत जेवायला बसवू नका, हलकंसं वाद्यसंगीत लावा. ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांचं बरोबर उलटं आहे. श्रवणयंत्र लावलेलं असलं तरी गर्दीच्या आवाजातून एकाचं बोलणं वेगळं काढणं कठीण जातं, आणि मग आजी-आजोबा अख्ख्या जेवणात गप्प बसून राहतात. त्यांना स्पीकरपासून लांब, भिंतीकडे पाठ करून बसवा. तिथे उजेड चांगला असू द्या, म्हणजे बोलणाऱ्याचे ओठ दिसतील. एवढ्यावर भागलं नाही तर गाणी सरळ बंद करा.