एबोनाईट पेनाचे तुटलेले आटे

एबोनाईटच्या, म्हणजे गंधकाने कडक केलेल्या रबराच्या, ड्रॉपरने शाई भरायच्या पेनाचे निबेकडचे आटे तुटले, की लोक फेव्हिक्विक लावून मोकळे होतात. भाऊ, तेवढं करू नका. सेल्युलॉईड (जुन्या पेनांचं प्लास्टिक) ॲसिटोनने विरघळून एकजीव होतं, एबोनाईट होत नाही. चिकटवण वरवरच धरते. आट्यांपाशी भिंत पातळ, आणि शाई भरायला रोज पीळ बसतो तिथेच. सांधा टिकत नाही, उलट गोंद आट्यांत उतरून बसतो.

पेन एबोनाईटचाच ना? अंगठ्याने जोरात घासून हुंगा. रबरात २५ ते ४० टक्के गंधक घालून तो बनतो, वास लपत नाही.

शाईच्या नळीत अडकलेला आट्यांचा तुकडा काढायला जुन्या कानशीचं मुठीत जाणारं निमुळतं टोक घ्या. नळी हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतकीच गरम करा, टोक हलकेच रोवा आणि उलट फिरवा. ठोकलंत तर तुकडा फाकून नळी चिरेल. निघालेला तुकडा जपून ठेवा, नव्या आट्यांचं माप त्यावरूनच निघतं.

पुढचं काम लेथचं, म्हणजे वस्तू फिरवत कापणाऱ्या यंत्राचं. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर, आहेत; त्यांचा हात अशा बारीक कामाला बसलेला असतो. निबेकडच्या भागाला मागून भोक मोठं करून घ्यायचं, त्यात एबोनाईटच्याच कांडीचा तुकडा चिकटवायचा, आणि तो पक्का झाल्यावरच त्याला मधून भोक पाडून बाहेरून आटे कापायचे. पितळ वापरू देऊ नका, शाईने ते गंजतं.

चिकटवायला दोन ट्यूबवालं, सावकाश सुकणारं अरल्डाइट. दोन्ही अंगं पॉलिश पेपरने खरवडून स्पिरिटने पुसा. आपल्याकडच्या मे महिन्यात ते एरवीपेक्षा लवकर घट्ट व्हायला लागतं, म्हणून पहाटे करा. मग २४ तास हात लावू नका. आणि कुरडया वाळतात त्या गच्चीवर तर मुळीच ठेवू नका; उन्हाने काळा एबोनाईट तपकिरी पडतो. रात्रभर पाण्यात भिजवल्यानेही तेच होतं.

टोपणाच्या काठाला नुसती चीर असेल, तर मात्र फेव्हिक्विक चालतं. एबोनाईटची पूड चिरेत भरा, वर एक थेंब सोडा, वाळल्यावर बारीक पेपरने घासा.

नव्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. पहिल्यांदा शाई नको, पाणी भरा आणि पेन टीपकागदावर आडवा ठेवा. सांध्याखाली ओल दिसली नाही, तर शाई भरा.