बारा इंची डॉब्सोनियन गटाने बनवताना: या चुका टाळा

३०० मिमी व्यासाचा, एफ/५ चा (म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट, १५०० मिमी) आरसा हाताने घासून त्यावर डॉब्सोनियन दुर्बीण उभी करणं चार-सहा हौशी माणसांना नक्की जमतं. जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत प्लायवूडच्या खोक्यावर मोठ्या दुर्बिणी उभ्या केल्या. त्यांची रचना आजही जवळपास तशीच वापरली जाते, आणि काम बिघडतं तेही ठरावीक जागीच. प्रतिमा खराब दिसली की सगळे आधी आरशाला दोष देतात. प्रत्यक्षात आरशाला धरून ठेवणारे भाग, हवेचं तापमान आणि चाचणीतला हिशोब यांनीच जास्त वेळा घोटाळा केलेला असतो.

घासताना

या आरशाची मधली खोली ३.७५ मिमी हवी. ८० नंबरच्या कार्बोरंडमवर (काच घासायची पावडर; नंबर वाढेल तशी बारीक) ३.६ मिमीच्या आसपास थांबा, कारण पुढच्या पावडरी खोली थोडी वाढवतात. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजा. मग ओल्या आरशावर टॉर्च मारून त्याचं परतलेलं प्रतिबिंब ३ मीटरच्या जवळपास मिळतंय का, ते पाहा.

पुढच्या पावडरीवर जायची घाई ही सगळ्यात महागात पडणारी चूक. १२०, २२०, ४००, ६०० अशा प्रत्येक टप्प्यावर आधीच्या पावडरीचे खड्डे पूर्ण गेले पाहिजेत. १० पट भिंगातून मध्य आणि कड दोन्ही तपासा. कडेचे खड्डे सर्वात शेवटी जातात. उरलेला एखादा खड्डा पॉलिश करताना तासन्‌तास हटत नाही आणि सगळे मिळून पुन्हा मागे यावं लागतं. टूल (आरसा जिच्यावर घासतो ती तबकडी) नीट बसतंय का हे बघायला आरशावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि जेमतेम दहा सेकंद घासा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर ठीक.

कडेला ४५ अंशात २-३ मिमीचा उतार आधीच काढून ठेवा आणि घासताना तो झिजत आला की पुन्हा काढा. नाहीतर काचेचा कपचा उडतो, टूलखाली येतो आणि लांबलचक ओरखडा पडतो. गटात ओरखड्याचं आणखी एक कारण असतं: ८० नंबरवर घासून आलेला माणूस त्याच शर्टाने पॉलिशच्या टेबलाशी उभा राहतो. बाहीत अडकलेला एक कण पुरतो. प्रत्येक पावडरीची बादली, फडका आणि एप्रन वेगळा ठेवा.

२२० पर्यंत सगळ्यांनी आळीपाळीने घासावं, त्यात मजाही आहे. पॉलिशला मात्र दोघंच असावेत आणि आकार देण्याचं काम एकाच हाताने व्हावं. प्रत्येकाचा दाब आणि हाताची लांबी वेगळी, आणि इथे तर मायक्रॉनच्या अंशांचा हिशोब असतो. वहीत रोज किती मिनिटं, कोणता स्ट्रोक (घासताना हात फिरवायची पद्धत), चाचणीचे आकडे काय, हे लिहायलाच हवं. आरसा आणि टूल ठरावीक वेळाने थोडे थोडे फिरवत राहा. ते विसरलं की आरशात खराखुरा अ‍ॅस्टिग्मॅटिझम (तारा गोल न दिसता लांबट दिसण्याचा दोष) शिरतो.

पिच आणि चाचणी

डिसेंबरच्या सकाळी बरोबर वाटलेलं पिच (पॉलिशच्या टूलवरचा डांबरासारखा थर) एप्रिलच्या दुपारी मऊ होतं. मऊ पिच आणि लांब स्ट्रोक एकत्र आले की आरशाची कड खाली झुकते. अंगठ्याचं नख मध्यम दाबाने पाच-दहा सेकंद रोवा. हलकी खूण उमटली पाहिजे. पिच कडक वाटलं तर ते ज्योतीपासून दूर नेऊन टर्पेंटाईनचे थेंब घाला, मऊ असेल तर थोडं जास्त वेळ शिजवा.

फूको चाचणीत (दिव्याचा आरशावरून परतलेला प्रकाश पात्याने कापून आकार तपासतात) मोठा घोळ एका आकड्याचा होतो. दिवा स्थिर आणि फक्त पातं सरकत असेल, तर अन्वस्त (पॅराबोला) आकारासाठी मध्य आणि कड यांच्या वाचनांतला फरक ७.५ मिमी हवा. दिवा आणि पातं एकाच सरकपट्टीवर असतील तर ३.७५ मिमी. पहिला आकडा दुसऱ्या मांडणीला लावला तर आरसा दुप्पट खोदला जातो. आपली मांडणी कोणती, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पॉलिशनंतर हाताच्या आणि घर्षणाच्या उष्णतेने काच फुगलेली असते, त्यामुळे किमान दोन तास थांबून मगच मोजा.

अ‍ॅस्टिग्मॅटिझम दिसला तर

२०० ते २५० पट वर्धनावर तारा फोकसच्या आत आणि बाहेर नेल्यावर लंबगोल दिसला, आणि दोन्ही बाजूंना लंबगोलाची दिशा ९० अंशांनी बदलली, तर अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे. तो कुठला आहे, हे पुढच्या क्रमाने शोधा.

आधी डोकं तिरकं करा. लंबगोल डोक्याबरोबर फिरला तर दोष डोळ्यात. मग आरसा सेलमध्ये (त्याला धरणाऱ्या चौकटीत) ४५ अंश फिरवा. लंबगोल आरशाबरोबर फिरला तर दोष काचेत, जागच्या जागी राहिला तर सेलमध्ये किंवा दुय्यम आरशात (प्रकाश बाजूला वळवणारा छोटा तिरका आरसा). ५० मिमी जाडीच्या, जवळपास ८ किलोच्या पायरेक्स आरशाला नऊ बिंदूंचा आधार पुरतो. त्रास देतात त्या क्लिपा: त्यांच्या आणि काचेच्या मध्ये जाड कागद सहज सरकला पाहिजे. बाजूचे आधार तळापासून दोन्हीकडे ४५ अंशांवर, दोनच. दुय्यम आरसा सिलिकॉनने पूर्ण चिकटवलेला असेल तर काढून तीन लहान ठिपक्यांवर बसवा.

ही चाचणी ध्रुवताऱ्यावर करा, असं परदेशी पुस्तकं सांगतात, कारण तो हलत नाही. मुंबई-पुण्याहून तो जेमतेम १८-१९ अंश उंचीवर असतो. तिथे हवा थरथरते, आणि नळी इतकी आडवी असते की आरशाचं जवळजवळ सगळं वजन बाजूच्या आधारांवर येतं. चांगला आरसाही तिथे नापास वाटू शकतो. ६० अंशांच्या वरचा तारा घ्या आणि दुर्बीण हाताने हलवत राहा. वर गोल आणि खाली लंबगोल दिसला तर बाजूच्या आधारांकडे बघा.

सांगाडा

दोन्ही आरशांचे भाग जोडणारे पाइप कापताना ठरवलेलं नाभीय अंतर धरू नका. तयार आरशाचं मोजा; ते १५०० ऐवजी १४७० निघू शकतं. आठही पाइप ४०-५० मिमी लांब ठेवा, चंद्रावर फोकस कुठे येतो ते पाहा, मग कापा. फोटो काढायचे असतील तर कॅमेऱ्यासाठी फोकस आणखी बाहेर हवा, तो हिशोब आत्ताच करा. दुय्यम आरशाचा लघुअक्ष (त्याच्या लंबगोलाची आखूड रुंदी) ६३ मिमी चालतो.

दुर्बीण ज्यांवर फिरते ते तळाचे तीन टेफ्लॉन तुकडे बरोबर तीन पायांच्या वर हवेत, नाहीतर तळफळी वाकते. प्रति चौरस सेंमी १ किलो भार धरला, तर ४५ किलोच्या दुर्बिणीला ४ × ४ सेंमीचे तीन तुकडे होतात. त्यावर गुळगुळीत नव्हे, बारीक दाणेदार सनमायका. गुळगुळीतवर दुर्बीण चिकटते आणि झटक्याने सुटते. प्लाय आयएस ७१० मरीन ग्रेडचाच घ्या, पार्टिकल बोर्ड पहिल्याच पावसाळ्यात फुगतो.

अ‍ॅल्युमिनियमचा थर चढवण्याआधी एक रात्र उघड्या काचेवरच घालवा. ती ४ टक्के प्रकाश परत पाठवते, आणि अभिजितसारख्या ठळक ताऱ्यासाठी तेवढा पुरतो. आरशातला दोष या टप्प्यावर सापडला तर सरळ पिचवर परत जाता येतं. थर चढल्यानंतर आधी तो उतरवावा लागतो आणि दुरुस्तीनंतर कोटिंगचा खर्च पुन्हा करावा लागतो.