हॅलोवीनची तयारी: दुधाच्या कॅनपासून भोपळ्यापर्यंत

३१ ऑक्टोबरचा हॅलोवीन म्हणजे भुताखेतांचा सण, पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. आमच्या न्यू जर्सीतल्या गल्लीत ऑक्टोबर लागला की कुणाच्या तरी अंगणात बारा फुटी सांगाडा उभा राहतो. तीनशे डॉलरच्या आसपासचा तो प्रकार, शिवाय वर्षभर गॅरेजमध्ये जागा अडवून बसणार. तो बघून पोरं आपल्याकडे आशेने बघतात. तेव्हा खाली दिलेली तयारी कामाला येते. यात पैसे फक्त भोपळ्यावर आणि एखाद्या लाइटच्या माळेवर जातात, बाकी सगळं घरातच निघतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून दुधाचे कॅन टाकणं बंद करा. आठवड्यातून दोनदा दही लावणाऱ्या घरात गॅलनचे सहा-आठ कॅन महिन्याभरात सहज जमतात. साबणाच्या गरम पाण्याने आतून खळखळून धुवा आणि लेबल सोलून काढा. मुठीच्या विरुद्ध बाजूला जाड काळ्या मार्करने डोळे आणि वासलेलं तोंड काढा. मागे, मुठीच्या खाली, माळ आत जाईल एवढं भोक पाडा. कॅन ओळीने मांडून एकच माळ सगळ्यांच्या पोटातून फिरवली की दुधी प्लास्टिकमधून उजेड असा काही झिरपतो की विकतची भुतं त्यापुढे फिकी पडावीत. तळाशी दोन मुठी खडे टाकायला विसरू नका. ऑक्टोबर अखेरचा वारा रिकामा कॅन शेजाऱ्यांच्या लॉनवर नेऊन ठेवतो. (२०१२ साली तर २९ ऑक्टोबरला सँडी वादळ आदळलं आणि गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींनी राज्याचा हॅलोवीनच ५ नोव्हेंबरवर ढकलला. तसल्या वाऱ्यापुढे खड्यांचं काय चालणार म्हणा.)

माळांसाठी दिवाळीचा खोका माळ्यावरून आताच उतरवा. पण पुण्याहून हौसेने आणलेल्या माळा बाजूला काढा. त्या २३० व्होल्टच्या, इथल्या भिंतीत १२० व्होल्ट, त्यामुळे त्या नीट पेटतही नाहीत आणि पोर्चवरच्या ओलाव्यात लावण्यासारख्याही नसतात. इथल्या एलईडी माळांच्या खोक्यावर बाहेर वापरायला चालतील असं लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. एक्स्टेंशन कॉर्डचंही तसंच.

परसात टोमॅटो लावले असतील तर वेली उपटून झाल्यावर तारेचे पिंजरे रिकामे पडलेले असतात. एक पिंजरा उलटा ठेवा, वर आलेले पाय एकत्र बांधा, भोवती माळ गुंडाळा आणि वरून जुनी पांढरी चादर सोडा. चादरीपेक्षा मलमल बरी, कारण उजेड आरपार येतो. आमच्याकडच्या भुताने बाबांचं जुनं धोतर नेसलंय. आईने व्हिडिओ कॉलवर ते ओळखलं आणि म्हणाली, "अगं, दारात भूत उभं करायचं तर निदान बापाचं धोतर तरी नको!"

घरातलं काम एका संध्याकाळचं. काळ्या कागदाला मधोमध घडी घालून अर्धं वटवाघूळ कापायचं, उघडलं की पूर्ण. भिंतीचा रंग निघू नये म्हणून रंगाऱ्यांची निळी टेप वापरा. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्यांना डोळ्यांची भोकं पाडून आत चमकणारी प्लास्टिकची काडी (ग्लो स्टिक) टाका आणि झुडपात लपवा. ओढून ताणायचं ते कापसासारखं कोळ्याचं जाळं मात्र बाहेरच्या झाडांवर लावू नका, त्यात पाखरं अडकतात. खिडकीच्या आतून लावलं तरी रस्त्यावरून तेवढंच दिसतं.

आता भोपळा. माझी चूक आधी सांगते. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात दहा दिवस आधी कोरला. चौथ्या दिवशी आत काळी बुरशी, सातव्या दिवशी तोंड आत ओढलं जाऊन तो कवळी काढलेल्या आजोबांसारखा दिसायला लागला, आणि उरलेलं खारींनी संपवलं. म्हणून अख्खा भोपळा हवा तेव्हा आणा, तो थंडीत कित्येक आठवडे टिकतो, पण सुरी लावायची ती २९ किंवा ३० तारखेला. घेताना बूड दाबून बघा, मऊ लागलं तर सोडून द्या. देठाला धरून उचलू नका, देठ हातात येतो आणि भोपळा पायावर.

झाकण वरून कापायचं तर सुरी तिरकी धरा, म्हणजे ते आत पडत नाही. मी बुडातूनच कापते. मग भोपळा दिव्यावर नुसता टोपीसारखा ठेवता येतो. आतला गर आणि तंतू जाड चमच्याने खरवडून काढा. चेहऱ्याच्या बाजूची भिंत साधारण एक इंच उरली की कोरणं सोपं जातं. स्वयंपाकघरातली मोठी सुरी घसरते, दोन-चार डॉलरला मिळणारी छोटी दातेरी करवत बरी. कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोळलं की त्या लवकर सुकत नाहीत. आत पणती ठेवायचा मोह होतो, पण पोरांचे झिरझिरीत नायलॉनचे झगे त्याच उंचीवर फिरत असतात, तेव्हा बॅटरीचाच दिवा. बिया मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजा. घारगे मात्र या भोपळ्याचे करू नका, तो पाणचट आणि तंतुमय असतो. त्यासाठी लहान, गोड भोपळा वेगळा घ्या. आयर्लंडमध्ये हेच चेहरे सलगमवर कोरत. तिथून आलेल्यांना इथे भोपळा सापडला आणि मनगटं वाचली.

३१ तारखेला पायऱ्यांवरची ओली पानं दुपारीच झाडा. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण चिल्लीपिल्ली त्याआधीच येतात. वायरी वाटेतून नेऊ नका. पोर्चचा दिवा चालू ठेवा, तो बंद म्हणजे या घरी खाऊ नाही, हे इथल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. खाऊऐवजी पेन्सिली, स्टिकर असंही काही ठेवलं असेल तर एक छोटा भोपळा निळसर-हिरवा रंगवून दारात ठेवा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांचे आईबाप ती खूण शोधत येतात. २०२४ साली नरक चतुर्दशीही ३१ ऑक्टोबरलाच होती. सकाळी उटणं, संध्याकाळी भुतं. दारातली रांगोळी साडेसहापर्यंत स्पायडरमॅनच्या बुटांखाली गेली. तेव्हापासून त्या दिवशी रांगोळी दाराच्या बाजूला काढते.

१ नोव्हेंबरला कोरलेला भोपळा कंपोस्टमध्ये, न कोरलेला नोव्हेंबर अखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत पायरीवर. दिवाळी पुढे असेल तर माळा कॅनमधून काढून आकाशकंदिलाला. काढताना आंबट दह्याचा वास आला, तर कॅन नीट धुतले नव्हते म्हणायचे.