एक्सेलच्या यादीतून प्रत्येक सभासदाला स्वतंत्र ईमेल कसा पाठवावा

सोसायटीच्या सचिवांना दर महिन्याला प्रत्येक सभासदाला मेंटेनन्सचे बिल पाठवावे लागते. सर्वांचे पत्ते एकाच ईमेलमध्ये घातले तर ते सर्वांना दिसतात, आणि बिल तर प्रत्येकाचे वेगळे असते. विंडोज संगणकावर एक्सेल आणि क्लासिक आउटलुक असेल, तर हे काम एका लहानशा मॅक्रोने, म्हणजे एक्सेलमध्ये लिहून ठेवलेल्या आणि आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या संचाने, होते. नवे आउटलुक बाहेरून आलेल्या मॅक्रोच्या आज्ञा स्वीकारत नाही, म्हणून आपल्याकडे कोणते आहे ते आधी पाहावे.

शीटच्या पहिल्या ओळीत मथळे लिहावेत आणि त्याखाली ए स्तंभात नाव, बीमध्ये ईमेल पत्ता, सीमध्ये रक्कम व डीमध्ये बिलाच्या पीडीएफचा फोल्डरसह पूर्ण पत्ता भरावा; ई स्तंभ नोंदीसाठी रिकामा ठेवावा. फाइल 'मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक' म्हणूनच सेव्ह करावी, कारण साध्या एक्सेल फाइलमध्ये मॅक्रो टिकत नाही.

यानंतरची गोष्ट मराठीत पत्र पाठवणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत देवनागरी मजकूर सहसा टिकत नाही, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. त्यामुळे विषय आणि मजकूर दुसऱ्या शीटवरील दोन सेलमध्ये लिहावा, नावाच्या जागी '@@' व रकमेच्या जागी '%%' अशा खुणा ठेवाव्यात आणि मॅक्रोने 'रिप्लेस' वापरून त्या बदलाव्यात. याचा आणखी एक लाभ असा, की मजकूर बदलायचा झाल्यास मॅक्रोला हात लावावा लागत नाही आणि पुढच्या सचिवांनाही तो सहज बदलता येतो.

आता ऑल्ट व एफ-११ या कळा एकत्र दाबून, 'इन्सर्ट'मधून नवे 'मॉड्यूल', म्हणजे मॅक्रो लिहिण्याचे कोरे पान, घ्यावे. 'क्रिएटऑब्जेक्ट' या आज्ञेने आउटलुक एकदाच जोडावे, आणि मग दुसऱ्या ओळीपासून शेवटच्या भरलेल्या ओळीपर्यंत 'फॉर-नेक्स्ट' लूप, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी त्याच आज्ञा पुन्हा चालवणारी रचना, चालवावा. लूपच्या प्रत्येक फेरीत 'क्रिएटआयटम'ने नवा ईमेल तयार करून 'टू', 'सब्जेक्ट' आणि 'बॉडी' भरावेत, व 'अटॅचमेंट्स'च्या 'ॲड'ने पीडीएफ जोडावी. त्याआधी फाइल खरोखर त्या जागी आहे का, हे 'डिर'ने तपासावे आणि नसल्यास ती ओळ सोडून द्यावी. नाहीतर मॅक्रो मध्येच थांबतो. रक्कम सेलच्या 'व्हॅल्यू'ऐवजी 'टेक्स्ट'मधून घेतल्यास स्वल्पविरामांसह जशी दिसते तशीच जाते, मात्र स्तंभ पुरेसा रुंद हवा, अन्यथा आकड्याऐवजी हॅशची चिन्हे जातात.

'सेंड'ने ईमेल पाठवला की ई स्तंभात 'नाऊ'ने तारीख व वेळ लिहावी, आणि तो स्तंभ भरलेला असल्यास ती ओळ वगळावी, अशी अट लूपच्या आरंभीच घालावी. मॅक्रो मध्येच अडला, तरी पुन्हा चालवताना कोणालाही तेच बिल दोनदा जात नाही. महिना बदलल्यावर हा स्तंभ रिकामा करावा.

पहिली चाचणी दोन-तीन ओळींवर, बी स्तंभात स्वतःचाच पत्ता घालून आणि 'सेंड'च्या जागी 'डिस्प्ले' लिहून घ्यावी. तयार ईमेल उघडून नाव, रक्कम व जोडलेले बिल एकाच सभासदाचे आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. थकबाकीचा आकडा भलत्या घरी जाणे ही गंभीर चूक आहे.

ई स्तंभातील नोंद केवळ ईमेल आउटलुककडे सोपवल्याची असते. तो परत आल्यास बी स्तंभातील पत्ता दुरुस्त करून, त्याच ओळीची नोंद पुसून मॅक्रो पुन्हा चालवावा.