ॲरिझोनातल्या वाळवंटी बागेत हिवाळ्यापुरतं स्वयंसेवक होताना

थंड उत्तरेकडून येऊन नोव्हेंबर ते एप्रिल ॲरिझोनात मुक्काम करणाऱ्या निवृत्त मंडळींची वाळवंटी बागांना खरोखरच गरज असते. पाहुण्यांची गर्दी, हिवाळी पावसानंतरची तणांची उगवण आणि मार्चच्या आसपासच्या रोपविक्रीची तयारी, सगळं त्याच महिन्यांत येतं. मात्र चार-पाच महिने हातात असलेल्या माणसाने कोणतं काम घ्यावं, हे आधी ठरवायला हवं.

फिनिक्समधलं डेझर्ट बोटॅनिकल गार्डन (१९३९), सुपीरियर गावाजवळचं बॉइस थॉम्पसन आर्बोरेटम (१९२४), टूसॉनमधली टोहोनो चूल आणि ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम (१९५२) ही या भागातली मोठी नावं. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करावा. जानेवारीत येऊन विचारलं, तर प्रशिक्षणं उरकलेली असण्याची शक्यता मोठी. अर्जात येण्या-जाण्याच्या तारखा, मधल्या सणासुदीच्या सुट्ट्या, किती वेळ उभं राहता येतं आणि किती वजन उचलता येतं, हे स्पष्ट लिहा. गुडघा दुखत असेल तर तेही लिहा. बसून करायची कामं भरपूर असतात आणि ती करायला माणसं कमी पडतात. पर्यटक व्हिसावर असाल तर तोही उल्लेख आधीच करा.

मार्गदर्शक होण्याचं प्रशिक्षण लांबलचक असतं आणि त्यानंतर मोठ्या बांधिलकीची अपेक्षा असते, म्हणून पहिल्या हिवाळ्यात ते घेऊ नये. रोपवाटिका, तण काढणं, बियाणं साफ करणं, वाटांवर पाहुण्यांना मदत, यातलं एक निवडा. आठवड्यातला एकच वार ठरवून तो न चुकता पाळणारा माणूस बागेला जास्त उपयोगी पडतो, कारण पाण्याचं आणि अवजारांचं नियोजन त्या वारावर बेतलेलं असतं. ॲरिझोनात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत (नवाहो प्रदेशाचा अपवाद). म्हणून फोनच्या कॅलेंडरमध्ये कामाच्या वेळा फिनिक्सच्या वेळेनुसारच नोंदवा, नाहीतर मार्चमध्ये तास चुकतो.

काय घालावं, काय जवळ ठेवावं

सकाळी आठला अंगात स्वेटर लागतो आणि अकराला तो नकोसा होतो. पातळ कपडे एकावर एक घाला, बाह्या लांब ठेवा आणि रुंद काठाची टोपी घ्या. जाळीच्या कापडाचे बूट चालत नाहीत, चोया नावाच्या निवडुंगाचे काटे त्यातून थेट आत जातात. चामड्याचे हातमोजे दोन जोड ठेवा: एक फड्या निवडुंगासाठी, दुसरा बाकी कामासाठी. फड्याची बारीक कुसळं चामड्यात शिरली की पुन्हा निघत नाहीत, आणि त्याच मोज्याने घाम पुसला की ती चेहऱ्यावर येतात. खिशात रुंद दातांचा कंगवा, टोकदार चिमटा आणि छोटी पक्कड हवी. थंड हवेत तहान जाणवत नाही, म्हणून तीन तासांच्या पाळीला किमान एक लिटर पाणी घ्या आणि घड्याळ बघून प्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर किती पाणी प्यावं, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

काटे काढणं

चोयाचा तुकडा अंगाला चिकटला की हात तिकडे जातोच आणि मग हातही अडकतो. तसं करू नका. कंगवा कातडी आणि तुकडा यांच्यामध्ये सरकवा आणि एका झटक्यात बाहेर उडवा. त्या दिशेला कोणी उभं नाही ना, हे आधी बघा. मागे राहिलेले काटे पकडीने, ज्या कोनात शिरलेत त्याच कोनात ओढा. या काट्यांना उलट्या दिशेचे सूक्ष्म दाते असतात, त्यामुळे तिरकं ओढलं की काटा आत तुटतो.

फड्याच्या कुसळांचं तंत्र वेगळं. चोळू नका, दातांनी ओढू नका. आधी चिमट्याने दिसतील तेवढी काढा. मग पांढऱ्या गोंदाचा थर द्या, त्यावर पातळ जाळीचं कापड दाबून पूर्ण वाळू द्या आणि सोला. नुसत्या चिकटपट्टीने फार थोडी निघतात. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली नसेल तर प्रवासाआधी घ्या.

तण: हिवाळ्याचं मुख्य काम

हिवाळी पावसानंतर स्टिंकनेट नावाचं परदेशी तण उगवतं. पानं गाजराच्या पानांसारखी बारीक चिरलेली, चुरगाळली की उग्र वास. फेब्रुवारीच्या सुमाराला त्याला गोल पिवळ्या गुंड्यांसारखी फुलं येतात. त्याआधी, माती ओली असताना, मुळासकट उपटलं तर काम सोपं. फुलं आल्यावर मात्र प्रत्येक रोप बंद पिशवीत जायला हवं, ढीग करून ठेवलं तर बी तिथेच सांडतं. याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो, म्हणून हातमोजे आणि मास्क लावा.

नवे स्वयंसेवक हमखास चुकतात ते इथे: रानपॉपी या इथल्या रानफुलाची कोवळी रोपंही बारीक चिरलेल्या पानांचीच असतात. तिची पानं निळसर-करडी आणि गुळगुळीत, स्टिंकनेटची हिरवीगार आणि वासाची. पहिल्या दिवशी दोन्हींची रोपं शेजारी ठेवून दाखवायला सांगा आणि शंका आली तर रोप तसंच राहू द्या. मार्चमधला फुलांचा बहर पॉपीच्या याच रोपांतून येतो.

बफेलग्रास या परदेशी गवताचे गठ्ठे हाताने उपटत नाहीत, पानं तुटतात आणि गड्डा फुटून पुन्हा वाढतो. पहार गठ्ठ्याच्या बाजूने खाली घालून पूर्ण गड्डा उचला, माती झटका, तुरे पिशवीत घाला. हे गवत सुकलं की झपाट्याने पेटतं आणि सग्वारोसारख्या इथल्या निवडुंगांना वणवा सोसत नाही. त्यामुळे हे काम कंटाळवाणं वाटलं तरी सर्वांत मोलाचं आहे.

थंडीची रात्र

तापमान ३२ अंश फॅरनहाइटच्या (० सेल्सिअस) खाली जाणार असा अंदाज आला की नाजूक झाडं झाकायची. श्वास घेणारं कापड सूर्यास्तापूर्वी घाला आणि ते जमिनीपर्यंत आणून कडेला दगड ठेवा. झाडाला ऊब मातीतून मिळते, ती कापडाखाली अडकवून ठेवायची असते. शेंड्यावर बांधलेल्या कापडाचा उपयोग नाही. प्लास्टिक वापरू नका, ते जिथे टेकतं तिथे झाड जळतं. उंच खांबासारख्या निवडुंगांच्या वाढत्या टोकांवर थर्माकोलचे पेले उपडे घालतात. सकाळी ऊन चढलं की कापड काढा. करपलेल्या फांद्या लगेच छाटू नका: त्या खालच्या भागाला आडोसा देतात, आणि छाटणीनंतर फुटलेला कोंब पुढच्या थंडीत मरतो.

रोपवाटिकेतलं टेबल

फड्याचं पान सांध्यावरच कापा. कापलेली बाजू सावलीत कोरडी होऊन खपली धरू द्या, हिवाळ्यात त्याला दोन आठवडे किंवा जास्त लागतात. मग निम्मी प्युमिस (सच्छिद्र, हलकी ज्वालामुखी खडी) घातलेल्या मिश्रणात पानाचा तिसरा हिस्सा पुरा आणि पहिला आठवडा पाणी देऊ नका. घाई केली तर पान बुडाशी मऊ पडून सडतं. मोठा निवडुंग हलवताना दक्षिणेकडची बाजू खडूने खुणावून ठेवा आणि नव्या जागीही तीच बाजू दक्षिणेला करा, नाहीतर सावलीत वाढलेली कातडी उन्हाने भाजते. उचलायला जुन्या गालिच्याची पट्टी किंवा पाण्याच्या नळीचा तुकडा वापरतात. नावाच्या पट्ट्या पेन्सिलने लिहा, मार्करची शाई या उन्हात उडून जाते.

कुंडी उचलण्याआधी ती काठीने किंवा बुटाने किंचित हलवा. खाली विंचू असू शकतो. साप थंडीत बहुधा बिळात असतात, पण उबदार दुपारी बाहेर येतात. हात कुठे चाललाय ते दिसत नसेल तर तो तिथे घालू नका.

धूळ, आणि परतल्यानंतर

ॲरिझोनाच्या मातीतली एक बुरशी धुळीबरोबर श्वासात गेली की व्हॅली फीव्हर हा फुफ्फुसांचा आजार होतो. साठीपुढच्यांना तो गंभीर होण्याचा धोका जास्त असतो. खणण्याआधी माती ओली करा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कोरडी माती चाळताना एन-९५ मास्क लावा आणि वादळी दिवशी खणायला जाऊ नका.

निघण्याच्या दोन आठवडे आधी तुमच्या वाराला येणाऱ्या पुढच्या माणसाला बरोबर घ्या. कोणत्या ट्रेमध्ये काय आहे, कोणत्या वाफ्यातलं तण अजून उरलंय, हे लिहून द्या. घरी परतल्यावर काही आठवड्यांत खोकला, ताप किंवा न संपणारा थकवा जाणवला तर डॉक्टरांना 'हिवाळा ॲरिझोनात काढला, मातीत काम केलं' हे स्वतःहून सांगा. उत्तरेत हा आजार क्वचितच दिसतो, त्यामुळे तो साध्या न्यूमोनियासारखा समजला जातो आणि योग्य रक्ततपासणी राहून जाते.